पाटावरचे देव

मला शिकायला म्हणून मुदखेडहून लातूरला मावशीकडे धाडलं, तेव्हा त्या घरात माणसाला पाठ टेकायला जागा उरली नव्हती. घर तसं ऐसपैस. पण मावशीनं घराच्या खोल्या केल्या होत्या, खोल्यांच्या कॉटा केल्या होत्या आणि प्रत्येक कॉटवर एकेक भावी डॉक्टर आडवा केला होता. जिन्याखाली एक भावी डॉक्टर, सरपणाच्या खोलीत एक, आणि गच्चीवरच्या पत्र्याखाली तर इतके, की उन्हाळ्यात ते भाजून निघत आणि पावसाळ्यात उगवून येत. देवांना कॉट लागत नसे, म्हणून देवघरात जेवढी जागा शिल्लक होती ती मला मिळाली. डोकं देव्हाऱ्याखाली, पाय दाराबाहेर. सकाळी मावशी पूजेला आली की आधी मला उठवायची, मग देवांना. देव माझ्याआधी उठले असं एकदाही झालं नाही, याची नोंद घ्यावी.

त्या काळचं लातूर आता कुणाला सांगून खरं वाटत नाही. कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही घरात पोरगं जरा हुशार निघतंय असा संशय आला, की आईबाप त्याला ट्रंकेसकट एस्टीत घालून लातूरला पाठवत. गल्लीत डाळमिलचं पीठ उडायचं, तुरीचा वास अंगाला चिकटायचा, आणि पहाटे चालत गेलं तर या खिडकीतून रसायनशास्त्र आणि त्या खिडकीतून भौतिकशास्त्र असं दोन्ही बाजूंनी कानात पडायचं. आमच्या दूधवाल्याला न्यूटनचे नियम पाठ होते. त्याच्या म्हशीलाही होते असं तो म्हणायचा, पण ते मी स्वतः ऐकलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

मावशीची मेसही होती. येसराची आमटी एवढ्या मोठ्या पातेल्यात शिजायची, की त्यात पडलेला डाव काढायला पोहणारा मुलगा बोलवावा लागे. दुपारी भाकऱ्या थापायला मी बसायचे. कांडलेली शेंगदाण्याची चटणी, तव्यावरचं पिठलं, रविवारी सकाळी भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला. त्या सुशील्यात मिरची जास्त पडली की आठवडाभर पोरांचा अभ्यास चांगला व्हायचा, कारण झोप लागत नसे. मावशी बोलायला तिखट आणि हातानं सढळ. दुसरी भाकरी नको म्हणणाऱ्याला ती म्हणायची, उपाशी डॉक्टरच्या हातनं कोण सुई टोचून घेईल रे बाबा.

काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, पुढच्या हॉलमध्ये जीवशास्त्राचा क्लास होता. काका शिकवायचे फार सुंदर, पण त्यांना बेडूक काढता येत नसे. ते बेडूक काढायचे तो बटाट्याकडे झुकायचा. मी आल्यावर त्यांनी हॉलची भिंतच माझ्या हवाली केली. हृदय, मूत्रपिंड, जास्वंदीचं फूल, बेडकाची आतडी, असं सगळं मी पुरुषभर उंचीचं रंगवलं. हात आईचा आलेला. आई मुदखेडला पंचमीला भिंतीवर चुन्यानं आणि गेरूनं नागोबा काढायची, आणि तिचे नागोबा असे जिवंत, की शेजारची बाई त्यांच्यापुढं दूध ठेवून मांजर हाकलत बसलेली मी पाहिली आहे. त्यामुळे माझ्या हृदयालाही जरा मुकुटासारखं काहीतरी यायचं आणि बेडकाच्या कपाळावर नको म्हटलं तरी टिळा उमटायचा. काका पुसायचे, मी काढायचे. चांगले रंग होते माझ्याकडे. दहावी झाल्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नांदेडहून आणलेले, काचेच्या बाटल्यांतले पोस्टर कलर. दादा मुदखेडच्या स्टेशनवर नोकरीला. एवढ्या गाड्यांना वाट दाखवली, तर एका पोरीला डॉक्टरकीची वाट दाखवणं काय अवघड, असा त्यांचा हिशोब.

भूकंप झाला त्या पहाटे देव्हारा अंगावर येतोय असं मला वाटलं, आणि तो खरोखरच आला. मावशीचा पितळी बाळकृष्ण माझ्या कपाळावर पडला. खूण अजून आहे. कुणी विचारलं तर मी तलवारीचा वार म्हणून सांगते. आमच्या गल्लीत भिंतींना भेगा गेल्या, दोन-चार कठडे पडले, आणि सगळे भावी डॉक्टर रस्त्यावर आले. एक मुलगा अंगावर चादर आणि हातात गाइड घेऊन आला होता. चादर सुटली, गाइड सुटलं नाही. आम्ही हसलो. कारण तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. उजाडल्यावर औशाकडून येणारी माणसं गावंच्या गावं पडल्याचं सांगायला लागली, तेव्हा काका मिळेल त्या जीपमध्ये बसून आपल्या गावाकडे गेले.

ते परत आले ते मोठीआईला आणि कमलला घेऊन. मोठीआई म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची बायको. घरात सगळेच तिला मोठीआई म्हणायचे, म्हणून मीही. कमल तिची एकुलती एक लेक. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, आणि तिचं लग्न लातूरजवळच्या मुरुडच्या मुलाशी ठरलेलं होतं. आदल्या दिवशी गणपती बुडवायचे म्हणून थोरले काका गावात थांबले, आणि उडदाच्या राशीवर राखणीला मायलेकी रानात गेल्या. त्या वाचल्या. घर दगडमातीचं, भिंती हात पसरला तरी मावणार नाहीत अशा जाड. काकांनी भावाला दगडांखालून काढलं आणि तिथंच, ओळीनं पेटलेल्या चितांमध्ये, त्यालाही आग दिली. पुढं कितीतरी दिवस हॉलमधला फळा तसाच कोरा होता, आणि चाळीस पोरांच्या घरात जेवताना फक्त पाटांचा आवाज.

मायलेकींची सोय देवघरातच झाली. आता त्या खोलीत आम्ही तिघी आणि मावशीचे देव. मोठीआई रडताना मी पाहिली नाही. ती बसलेली असायची आणि तिचा अंगठा पहिल्या बोटावर सारखा फिरत असायचा, काहीतरी पुसल्यासारखा. मावशीच्या देवांकडे ती बघत नसे. तिचे स्वतःचे देव, म्हणजे देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, घराखाली राहिले होते. उकरून बघितलं तेव्हा तवा सापडला, तांब्या सापडला, एक आख्खा आरसा सापडला, पण देव नाहीत. मग यंत्रं आली आणि गावच सपाट झालं.

खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. आमच्याकडे घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुरुडचे व्याही भला माणूस. बियाण्यांचं दुकान, बोलणं हळू. ते येऊन बसले, चहा घेतला, आणि सांगितलं की आपल्याला हुंडा नको, मानपान नको, पण वर्षाच्या आत करा. घरात त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, ती तीन वर्षं थांबणारी नव्हती. वर्ष उलटलं तर मुलाचं दुसरीकडं बघावं लागेल, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही. कपबशीकडे बघत राहिले. आणि हा मुलगा कोण, तर भूकंपाच्या दिवशी मुरुडहून मिळेल तसा आला आणि कमल रानात आहे हे कळेपर्यंत हातांनी दगड उपसत होता. कमलनं मला हे सांगितलं तेव्हा ती त्याच्या बोटांबद्दलच जास्त बोलली. नखं गेली होती म्हणे.

मोठीआईनं व्याह्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं बरुबर हाय. पण देवाला इचारल्याबिगर लेक कशी देऊ? देवाम्होरं अक्षता ठेवल्याबिगर आमच्यात लगीन लागत न्हाई. देव कुठं हायेत?"

काका सराफाकडे गेले आणि नवे टाक घडवून आणले. खंडोबा, भवानी, घोड्यावरचा वीर. लखलखीत. नाकं अशी धारदार की सुपारी कातरावी. मोठीआईनं एकेक हातात घेतला, अंगठा फिरवला, परत डबीत ठेवला. "लई चांगले हायेत," ती म्हणाली. "ज्याचे आसतील त्याला देऊन टाका."

समजावून झालं, गुरुजींना बोलावून झालं. मावशीनं एकदा चिडून, एकदा रडून पाहिलं. मोठीआई वाद घालत नव्हती. ओळख पटत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. संक्रांत गेली, शिमगा आला. एका दुपारी भाकऱ्या करताना कमल माझ्या शेजारी बसली आणि खालच्या मानेनं म्हणाली, "तू इवढा बेडूक काढतीस. आमचे देव काढ की."

आता मी अठराची आणि माझ्या हाताबद्दल माझं स्वतःचं मत फार चांगलं. मी मेसमधला एक आंब्याच्या लाकडाचा पाट निवडला, घासून कोरडा केला, आणि मोठीआईसमोर बसून विचारायला लागले. घोडा कुणीकडं तोंड करून आहे, हातात काय आहे, कोण कुणाशेजारी. तिनं डोळे मिटले आणि सांगत गेली. खंडोबाच्या घोड्याच्या पाठीला खड्डा आहे, तिथं अंगठा बसतो. भवानी डाव्या अंगाला जरा वाकलेली आहे. आणि भवानीला चिकटून एक लहानी आहे, तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही, सासूलाही नव्हतं, पण तिला सोडून नैवेद्य दाखवायचा नाही. मी सगळं टिपून घेतलं. शेवटी विचारलं, मोठीआई, तोंडं कशी आहेत. ती म्हणाली, "आसतील की. देवाची आसत्यात तशी."

एवढी मोकळीक मला त्याआधी कुणी दिली नव्हती. अंगं मी आईच्या पद्धतीनं केली. गेरूत डिंक, चुन्याचे चेहरे, काजळाची रेघ. लाकूड कोरं होतं, ते रंग पिऊन घेई. पण चेहऱ्यांवर मी नांदेडचे पोस्टर कलर ओतले. खंडोबाला मेसमधल्या सगळ्यात देखण्या मुलाचं नाक दिलं. तो भूमचा होता आणि आज मोठा सर्जन आहे, म्हणून नाव लिहीत नाही. भवानीला आमटी पुरणार नाही असं दिसल्यावर मावशीचे होतात तसे डोळे. त्या बिनानावाच्या लहानीला मी माझंच तोंड दिलं. पाट भिंतीला टेकवला तेव्हा पोरं बघायला रांगेनं आली आणि भूमवाला बराच वेळ विचारात पडला.

मोठीआईनं पाट पाहिला. हात लावला नाही. "बेस हाय," म्हणाली, आणि मग कमलकडे बघून, "करा मंग." देव ओळखू आले म्हणून ती हो म्हणाली नव्हती, पोरीसाठी म्हणाली होती. हे मला तेव्हाही कळलं. पण मी ते कळून घेतलं नाही. तारीख धरली. व्याह्यांनी मान डोलावली.

लग्न लातूरलाच, काकांच्या हॉलपुढच्या मांडवात. बेडकावर चादर टाकली होती. पण त्याचे पाय खालून दिसत, आणि मुरुडचे पाहुणे ते कसलं चिन्ह आहे म्हणून हळूच विचारत होते. कन्यादानाला काका आणि मावशी बसणार. मोठीआई मांडवात पुढं येणार नव्हती, रीतच तशी. ती आपण होऊन मागं राहिली होती आणि तिला कुणी पुढं ये म्हटलंही नाही. सकाळी मी फुलांच्या टोपल्या उतरवून घेत होते, तर हळदीच्या अंगानं कमल आली आणि मला मनगटाला धरून मागच्या मोरीकडे घेऊन गेली.

मोठीआई मोरीशी बसली होती. पुढं पितळी परात, परातीत पाट, आणि ती तांब्यानं पाटावर पाणी घालत होती. दूध घालून झालं होतं, दही घालून झालं होतं. आता हातानं चोळणं चाललं होतं. परातीतलं पाणी आधी गुलाबी होतं, मग निळं झालं, मग त्याला काही नाव देता येईना. भूमच्या मुलाचं नाक माझ्या डोळ्यांदेखत मोरीतून वाहून गेलं.

"मोठीआई, काय करून राहिलात? रंग जाऊन राहिला की सगळा."

"आंघुळ घालून राहिले," ती म्हणाली. हात थांबला नाही. "लगीन हाय आज. पारुसे देव ठेवू का?"

मी तिचा हात धरणार होते. कमलनं मला मागं ओढलं. मावशी आली, तिनं परात पाहिली आणि पायरीवर बसली. बाहेर वाजंत्री सुरू झाली होती. मुरुडचं वऱ्हाड कोपऱ्यावर उतरलं होतं. मावशी मला पुढं कितीदा तरी म्हणाली, की तेव्हा तिच्या मनात एकच होतं, आता मोठीआई म्हणणार देव गेले, आणि पोरगी अंगाला हळद घेऊन परत बसणार. कमल उभी होती. तिच्या हातावरची हळद माझ्या मनगटाला लागली होती आणि ती इतकी घट्ट धरून होती की माझी बोटं बधिर झाली.

मोठीआईनं शेवटचा तांब्या ओतला. पाट उचलून पदरानं टिपला आणि उजेडाला धरला. चेहरे गेले होते. लाकडात मुरलेला गेरू राहिला होता, काजळाची कुठं कुठं रेघ, आणि तोंडांच्या जागी चुन्याचे नुसते पांढरे गोल. तिनं डोळे मिटले आणि अंगठा ठेवला. घोड्याच्या पाठीवरून नेला, खड्ड्याशी थांबली. भवानीवरून नेला. तिथून जरासा बाजूला.

"हाव," ती म्हणाली. "हेच. आता वळखले."

मावशी म्हणाली, "अहो वहिनी, तोंडं कुठं राहिली त्यांना?"

"आमच्या देवाला तोंड कवा व्हतं?" मोठीआई म्हणाली. "माझ्या सासूच्या सासूनं चिंचंनं घासले, सासूनं राखंनं घासले, मी हायेच. नाक-डोळे समदे झिजून गेले. मी आले तवाच सपाट व्हते." मग माझ्याकडे वळून, जराशी ओशाळून, "ही पोरगी बिचारी डोळे काढून बसली. तिला कसं म्हणू नको म्हणून."

तिनं कमलला जवळ बोलावलं, पाटापुढं वाकवलं, दोन अक्षता पाटावर ठेवल्या आणि दोन तिच्या डोक्यावर. काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते त्या दोघींनाच ठाऊक. "जा आता," ती म्हणाली. कमल गेली. मोठीआई तिथंच बसली आणि मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. मंगलाष्टकं मोरीपर्यंत ऐकू येत होती.

मी डॉक्टर झाले नाही हे एव्हाना वाचकाच्या लक्षात आलं असेल. बारावीत आकृत्यांचे मार्क पडले असावेत, बाकीचे पडले नाहीत. दादा तीन महिने माझ्याशी फक्त गाड्यांच्या वेळांबद्दल बोलले आणि मग स्वतःच औरंगाबादच्या चित्रकला महाविद्यालयाचा फॉर्म घेऊन आले. पुढं मी लाकडी फळ्यांवर पुराणातले सगळे देव, सगळे राक्षस रंगवले, आणि रंगवून झालं की आजही प्रत्येक फळी न्हाणीघरात नेऊन तिला अंघोळ घालते. मुंबईला एका प्रदर्शनात एका विद्वानानं माझ्या बिनचेहऱ्याच्या देवांवर पाऊण तास भाषण केलं. त्यात परदेशातल्या इतक्या चित्रकारांचं ऋण माझ्या डोक्यावर चढवलं की मी ते व्याजासकट फेडायचं म्हटलं तर मुदखेडचं स्टेशन विकावं लागेल. मी मान डोलावली. चिंचेचं नाव त्यात नव्हतं. मीही सांगितलं नाही, कारण त्यांनी चिंच कुठल्या शतकातली म्हणून विचारलं असतं.

महाविद्यालयातल्या दुसऱ्या दिवाळीला मी मोठीआईकडे गेले. ती नव्या वसाहतीत राहायला गेली होती. सगळी घरं सारखी, सगळे रस्ते सरळ, आणि माणसं अजून एकमेकांचं दार चुकत होती. कमल मुरुडहून माहेरपणाला आली होती, कडेवर पोर. मोठीआईनं मला आत नेलं. पाट भिंतीशी, पुढं निरांजन. रोजची अंघोळ, रोजचं चोळणं. पाटावर आता काही नव्हतं. गेरू नव्हता, काजळ नव्हतं, नुसतं उजळलेलं लाकूड, मध्ये जरा खोलगट झालेलं. मला वाईट वाटलं. पण मी तयारीनं गेले होते. पिशवीत नव्या तऱ्हेचे रंग होते, वाळले की समुद्रात बुडवले तरी न जाणारे. मी डब्या बाहेर काढल्या आणि म्हणाले, मोठीआई, द्या पाट, आत्ता पुन्हा काढून देते, यावेळी जाणार नाहीत.

तिनं पाट उचलून मांडीवर घेतला. अंगठा त्या कोऱ्या लाकडावरून फिरला, एके ठिकाणी थांबला, वळला, पुन्हा थांबला. मग तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं गच्च भरलेल्या एस्टीत चढू बघणाऱ्या माणसाकडे बघतात.

"कुठं काढतीस?" ती म्हणाली. "जागा हाय का? भरलाय की समदा पाट."

मी डब्यांची झाकणं लावली. पाया पडायला वाकले तेव्हा कपाळ कुठं टेकावं ते कळेना, म्हणून तिलाच विचारलं. तिनं बघून, जरा विचार करून, पाटाच्या एका कडेशी बोट ठेवलं आणि तेवढी जागा मला दाखवली.